तासाला सतरा वेळा पडणारा विद्यार्थी

पहिला वाढदिवस जवळ आला की घरी येणाऱ्या पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘‘चालायला लागला का?’’ उत्तर ‘अजून नाही’ असलं की पुढचं वाक्यही ठरलेलं. ‘‘आमचा तर दहाव्या महिन्यात धावत होता.’’ दहाव्या महिन्यात धावणारी ही मुलं आता चाळिशीत असतात, त्यामुळे खातरजमा करायची सोय नसते. पण बाळाच्या आईच्या डोक्यात ते वाक्य राहतं. रात्री बाळ झोपल्यावर ती मोबाइलवर महिने आणि टप्पे शोधत बसते आणि चार दिवसांत घरात गाणी वाजवणारा, प्लॅस्टिकचा, गोल वॉकर येतो.

बाळं नवी कौशल्यं किती पटकन शिकतात, याचं उत्तर आपल्याकडे नेहमी महिन्यांत दिलं जातं. चौथ्या-पाचव्या महिन्यात पालथं पडणं, सहाव्या-सातव्यात बसणं, आठव्या-नवव्यात रांगणं, वर्षाला चालणं. या यादीत चूक काही नाही, पण मूल शिकतं कसं, हे ती सांगत नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत काही संशोधकांनी ही यादी बाजूला ठेवली आणि मुलं प्रत्यक्षात दिवसभर करतात काय, ते मोजायला घेतलं. त्यातून जे दिसलं, ते वॉकर विकत घेण्याआधी प्रत्येक घरानं वाचावं असं आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. १२ ते १९ महिन्यांच्या शंभराहून अधिक मुलांना त्यांनी खेळण्यांच्या खोलीत मोकळं सोडलं. ‘चल बघू’ असं कोणी म्हणायचं नाही, बोट धरायचं नाही. फक्त चित्रण करायचं आणि नंतर ते पाहून एकेक पाऊल आणि एकेक पडणं मोजायचं. सरासरी निघाली ती अशी : तासाला २,३६८ पावलं, ७०१ मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं. मूल दिवसातले सहा तास असं हिंडतं-फिरतं असतं असं धरलं, तर दिवसाकाठी सुमारे १४ हजार पावलं, चार किलोमीटरहून जास्त चाल आणि शंभरेक वेळा पडणं होतं. मनगटावर घड्याळ बांधून दहा हजार पावलांसाठी सोसायटीला फेऱ्या मारणाऱ्या आजोबांना नातू रोज सहज मागे टाकतो, तेही घरातल्या घरात.

मूल लवकर शिकतं असं आपण म्हणतो, तेव्हा हा सराव आपल्या नजरेत नसतो. एखाद्या प्रौढानं सायकल किंवा पोहणं शिकताना दिवसाला शंभर वेळा पडायचं ठरवलं आणि महिनोन्‌महिने ते पाळलं, तर तोही बऱ्यापैकी वेगानं शिकेल. फक्त दुसऱ्याच दिवशी त्याचं कंबरडं मोडलेलं असेल. बाळाचं तसं होत नाही, याची कारणं साधी आहेत. त्याची उंची जेमतेम पाऊण मीटर, वजन नऊ-दहा किलो आणि चाल मंद. पडताना ते बुडावर बसतं किंवा हात पुढे टेकतं. रोजच्या या पडण्यात रडण्याचे प्रसंग फार थोडे असतात आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत मूल पुन्हा उभं असतं. किती लागलं हे ठरवायच्या आधी ते आईच्या चेहऱ्याकडे बघतं, हे मात्र प्रत्येक घरानं पाहिलेलं असतं. आई किंचाळली की रडू येतं.

या सरावाची आणखी एक गंमत आहे. तो अजिबात शिस्तीचा नसतो. दोन पावलं टाकायची, थांबायचं, वळायचं, बाजूला सरकायचं, खाली बसून फरशीवरचा शेंगदाण्याचा टरफल उचलायचा, परत उभं राहायचं. सलग लांब चालणं क्वचितच. बऱ्याचदा कुठे पोचायचंही नसतं. आपल्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात याच वेडगळ वाटांचा उपयोग करून पाहिला गेला. संगणकावर फुटबॉल खेळणाऱ्या आभासी यंत्रमानवांना चालण्याचं शिक्षण द्यायचं होतं. काहींना चौकोन-वर्तुळांसारख्या नीटस वाटांवर शिकवलं आणि काहींना खऱ्या बाळांच्या वेड्यावाकड्या वाटांवर. मैदानात बाळांच्या वाटांवर शिकलेले यंत्रमानव सरस ठरले. थांबणं, वळणं, पुन्हा निघणं हा खेळातला खरा भाग, आणि त्याचा सराव त्यांनाच जास्त झालेला होता.

मग प्रश्न उरतो तो असा, की रांगण्यात तरबेज झालेलं मूल चालण्याच्या फंदात पडतंच कशाला? रांगणारं बाळ स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत भुर्रकन जातं. तेच बाळ पहिली पावलं टाकायला लागलं की डगमगतं, आपटतं. पटाईत असलेली विद्या टाकून देऊन कच्ची विद्या हाती घेण्यात शहाणपण काय? अडॉल्फ यांच्या २०१२ च्या आकड्यांत याचं उत्तर सापडलं. नवशिकं चालणारं मूल मुरलेल्या रांगणाऱ्या मुलापेक्षा एका तासात जास्त अंतर कापतं आणि जास्त वेगानं जातं. ते जास्त पडतं, हे खरं. पण ते हालचालच जास्त करतं. हालचालीच्या वेळेशी आणि अंतराशी पडण्याचा हिशेब मांडला, तर रांगणारं मूलही जवळपास तितकंच पडत असतं. शिवाय उभं राहिल्यावर खोली दिसते, हात मोकळे होतात आणि हातातली वस्तू आजीला नेऊन देता येते. बाळाच्या बाजूनं पाहिलं तर यात तोटा काहीच नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांचं मत यापेक्षा वेगळं होतं. येल विद्यापीठातले अर्नोल्ड गेझेल यांचं म्हणणं होतं, की हे सगळं मेंदूच्या परिपक्वतेच्या वेळापत्रकानं घडतं. शिकवण्यानं त्यात फारसा फरक पडत नाही. त्यांनी १९२९ मध्ये एका जुळ्या जोडीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका बहिणीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला, दुसरीला ५३ व्या आठवड्यापासून केवळ दोन आठवडे. दुसरीनं पहिलीला चटकन गाठलं. निष्कर्ष निघाला : घाई करून उपयोग नाही, वेळ आली की येतं. आपल्या आज्याही हेच म्हणत आल्या आहेत. मुलांच्या वाढीचे महिनावार तक्ते रुजले, त्यात गेझेल यांच्या कामाचा वाटा मोठा आहे.

या वेळापत्रकाला पहिला मोठा धक्का बसला तो पाण्याच्या टाकीत. नवजात बाळाला काखेत धरून पाय जमिनीला टेकवले, तर ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं. दोनेक महिन्यांत ही क्रिया नाहीशी होते. मेंदूचा वरचा भाग जागा झाला की ही आदिम क्रिया दबली जाते, असं पुस्तकांत लिहिलेलं असे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांच्या लक्षात आलं, की हीच बाळं पाठीवर झोपवली की सायकल चालवल्यासारखे पाय मारत असतात. मेंदूनं ते का दाबलं नाही? १९८४ मध्ये त्यांनी पावलं टाकणं थांबवलेल्या बाळांना पाण्यात उभं धरलं. पाण्यानं पायांचा भार उचलला आणि पावलं परत आली. उलट, पावलं टाकणाऱ्या लहान बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली, तर ती पावलं कमी टाकायला लागली. म्हणजे दोष मेंदूचा नव्हता. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मांड्यांवर चरबी भराभर चढते, स्नायू त्या मानानं मागे राहतात आणि पाय उचलत नाही. ज्या गुबगुबीत मांड्यांचं घरभर कौतुक होतं, त्याच आड येत होत्या.

तेव्हापासून चित्र बदललं आहे. मेंदू, स्नायू, शरीराची ठेवण, घरातली जमीन, धरायला मिळणाऱ्या वस्तू आणि सराव या सगळ्यांचा मेळ जमला की नवं कौशल्य दिसतं. यातलं काहीही बदललं तर तारीख पुढेमागे होते.

ती किती पुढेमागे होऊ शकते, याचा सर्वांत भरवशाचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये दिला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांची नोंद त्यासाठी ठेवली होती. भारतातली मुलं दिल्लीची होती. आधाराशिवाय बसण्याची मुदत निघाली ३.८ ते ९.२ महिने. हातागुडघ्यांवर रांगण्याची ५.२ ते १३.५ महिने. स्वतंत्र चालण्याची ८.२ ते १७.६ महिने. एकीकडे नवव्या महिन्यात चालणारं मूल आणि दुसरीकडे सतराव्या महिन्यात चालणारं मूल, दोन्ही निरोगी. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कोणी पोटावर सरकलं, कोणी बूड घासत गेलं, कोणी सरळ उभंच राहिलं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं.

मूल कुठे वाढतं, यानंही फरक पडतो. केनियातल्या किप्सिगिस समाजात बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. जमिनीत छोटा खड्डा करून, भोवती कापड लावून त्यात बाळाला बसवतात. या शिकवण्याला त्यांच्या भाषेत खास शब्द आहेत. चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की ही बाळं अमेरिकी बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसतात आणि चालतात. रांगायला मात्र लवकर लागत नाहीत, कारण रांगणं कोणी शिकवत नाही. ताजिकिस्तानात याच्या उलट टोक आहे. तिथं ‘गाहवोरा’ नावाच्या पाळण्यात बाळाला हातपाय बांधून तासन्‌तास ठेवण्याची जुनी रीत आहे. ही मुलं जागतिक मुदतींच्या मानानं उशिरा बसतात, उशिरा चालतात. पण चार-पाच वर्षांची झाल्यावर धावण्या-उड्या मारण्यात ती मागे राहिलेली दिसत नाहीत.

आपल्याकडच्या तेल-मालिशीलाही या हिशेबात जागा आहे. जमैकन कुटुंबांतही बाळाला चोळण्याची, हातपाय ताणण्याची आणि उभं धरण्याची पद्धत आहे. तिथल्या आया बाळ लवकर बसेल अशी अपेक्षा ठेवतात आणि तसं घडतंही, असं १९८० च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे बाळाचे हातपाय रोज प्रेमानं हलवणाऱ्या आजीचा हात निरुपयोगी म्हणता येणार नाही. मात्र पाय ओढून ‘सरळ’ करणं, सांधे मोडल्यागत वाजवणं किंवा पाय जुळवून घट्ट गुंडाळून ठेवणं यात धोका आहे. विशेषतः पाय सरळ बांधून ठेवल्यानं खुब्याचा सांधा निखळण्याची शक्यता वाढते.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मूल एकदा चालायला शिकलं की शिकलं. खरी आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे.

कॉर्नेल विद्यापीठात एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये एक प्रसिद्ध प्रयोग केला. जाड काचेचं टेबल, एका अर्ध्या भागात काचेखाली लगेच चौकटीचं कापड, दुसऱ्या भागात तेच कापड खोल खाली जमिनीवर. म्हणजे दिसायला कडा, पण वर भक्कम काच. ६ ते १४ महिन्यांच्या ३६ बाळांना पलीकडून आईनं हाक मारली. २७ बाळं जागची हलली. त्यातली फक्त तीन ‘खोल’ बाजूवर गेली. यावरून उंचीची भीती उपजतच असते, अशी समजूत रूढ झाली. ‘बाळाला कळतं हो, ते नाही पडायचं’ हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येतं.

अडॉल्फ यांनी काच काढून टाकली. त्यांनी कमीजास्त करता येणारा उतार बनवला, शेजारी बाळाला झेलायला एक माणूस उभा केला आणि बाळ रांगायला लागल्यापासून चालण्यात रुळेपर्यंत, दर तीन आठवड्यांनी, त्याच बाळांना पुन्हा पुन्हा त्यावर आणलं. खाली आई-बाबा हाका मारत उभे. रांगण्याच्या पहिल्या आठवड्यांत बाळं खड्या उतारावर डोकं खाली करून बेधडक निघायची आणि झेलावी लागायची. आठवडे गेले तसा अंदाज पक्का होत गेला. कोणता उतार झेपेल आणि कोणता नाही, हे ती काठावर थांबून, हातानं चाचपून ठरवायला लागली. काहींनी उलटं फिरून, पाय आधी सोडून घसरत उतरण्याची युक्ती स्वतःहून शोधली.

मग तीच बाळं चालायला लागली. आणि सगळं शहाणपण गेलं. महिन्याभरापूर्वी ज्या उतारावरून रांगत जायला नकार देत होती, त्याच उतारावरून ती उभ्यानं पाऊल टाकून कोसळायला लागली. त्याच दिवशी, त्याच उतारावर त्यांना हातागुडघ्यांवर ठेवलं तर थांबायची. उभं केलं की चालत सुटायची. उंचीची जाण उपजत असती, किंवा ‘उतार म्हणजे धोका’ असा साधा नियम बाळानं पाठ केलेला असता, तर असं झालं नसतं. बाळ शिकतं ते आपल्या आताच्या शरीराला, आताच्या ढबीत काय जमेल, हे. ढब बदलली की वर्ग पहिलीपासून. उंच काठावर केलेल्या नंतरच्या प्रयोगातही हेच दिसलं. मुरलेली रांगणारी बाळं काठाशी थांबली, त्याच वयाची नवी चालणारी बाळं काठावरून पुढे गेली आणि अनुभवानं तयार झालेली दीड वर्षाची मुलं पुन्हा थांबली.

हे वाया जाणं वाटलं तरी त्यात सोय आहे. जन्माच्या वेळी तीन किलोचं बाळ वर्षात नऊ किलोचं होतं, उंची दीडपट होते, डोकं आणि पाय यांचं प्रमाण बदलतं. पाठ केलेलं उत्तर अशा शरीराला आठवडाभरही पुरणार नाही. म्हणून बाळ उत्तर पाठ करत नाही, दरवेळी नव्यानं काढायला शिकतं. त्याचा पुरावाही अडॉल्फ यांनी २००० मध्ये दिला. १४ महिन्यांच्या मुलांच्या खांद्यांवर शिशाची वजनं घातलेल्या पिशव्या चढवल्या, तर उतारांबद्दलचा त्यांचा अंदाज तिथल्या तिथे बदलला. पाठीवर ओझं आहे, आता एवढा उतार झेपणार नाही, हे त्यांनी ताडलं.

घरासाठी याचा अर्थ अगदी सरळ आहे. रांगणारं बाळ जिन्याच्या तोंडाशी थांबायचं म्हणून चालायला लागल्यावरही थांबेल, हा भरवसा धरू नये. पहिलं पाऊल पडलं त्या आठवड्यापासून जिन्याला फाटक, पलंगाच्या कडेला माणूस आणि गॅलरीच्या दाराला कडी हवी. उंबरठ्यावर मात्र ते अडखळणारच, आणि अडखळू द्यावं.

आता वॉकरविषयी. जुन्या घरांत माळ्यावर अजून सापडणारा लाकडी पांगुळगाडा आणि बाजारातला बसका वॉकर यांना लोक एकच समजतात. पांगुळगाड्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहतं, आपलं वजन आपण पेलतं, पाय दिसतात आणि तोल गेला तर पडतंही. वॉकरमध्ये ते कापडी बैठकीत लोंबकळतं, चवड्यांनी जमीन ढकलतं, पुढच्या ताटलीमुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि ते पडत नाही. चालायला शिकण्यासाठी जे जे लागतं, ते सगळं त्यातून वजा झालेलं असतं. वॉकर वापरणारी मुलं बसायला, रांगायला, चालायला उशिरा लागल्याचं १९९९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. इतर काही अभ्यासांत फरक आढळला नाही. वॉकरमुळे मूल लवकर चालतं, असं मात्र दिसलेलं नाही.

याहून गंभीर आहे ती इजा. वॉकरमधलं बाळ क्षणात खोली ओलांडतं आणि जिन्याला, गॅसच्या शेगडीला, चहाच्या कपाला नको तितकं लवकर पोचतं. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे जखमी झालेल्या १५ महिन्यांखालच्या २ लाख ३० हजारांहून अधिक बाळांवर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार करावे लागले. दहातल्या नऊ जणांना इजा होती डोक्याला किंवा मानेला, आणि बहुतेक जण जिन्यावरून पडलेले. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली. आपल्याकडे तो बारशाच्या भेटींत येतो. भेट आलेला वॉकर परत देता येत नाही, पण माळ्यावर टाकता येतो. पांगुळगाडा वापरतानाही माणूस शेजारी हवाच. गुळगुळीत फरशीवर तोही पुढे पळतो.

बाळाला लागते ती जमीन. सतरंजी, चटई, धरून उभं राहायला पलंगाची कड किंवा स्टूल, आणि अनवाणी पाय. २०१२ मधल्याच आणखी एका अभ्यासात १३ आणि १९ महिन्यांच्या मुलांना उघडं, पातळ डायपरमध्ये आणि जाड कापडी लंगोटात चालवून पाहिलं. उघडी मुलं सर्वांत चांगली चालली. जाड कापडात पाय फाकले आणि पडणं वाढलं. चोवीस तास डायपर बांधणाऱ्यांनी यातून एवढंच घ्यावं, की दुपारचा एखादा तास बाळाला मोकळं सोडायला हरकत नाही. फरशी पुसावी लागेल. न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं ठेवावं आणि कोणत्याही बाळाला एका वेळी तासाहून अधिक बांधून, अडकवून ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे. झोपवताना मात्र पाठीवरच. मोबाइल पाहत पाळण्यात शांत पडलेलं बाळ सोयीचं असतं. त्या तासाची दोन हजार पावलं मात्र बुडालेली असतात.

मुदती रुंद आहेत याचा अर्थ वाट पाहायला मर्यादा नाही, असा नव्हे. ‘याचे बाबाही उशिराच चालले होते’ या वाक्यानं अनेक मुलांचे मोलाचे महिने गेले आहेत. चौथा महिना संपला तरी मान सावरत नाही, नववा संपला तरी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष झालं तरी चालत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. वर्षाच्या आत मूल सतत एकच हात वापरत असेल, एक पाय ओढत असेल, अंग काठीसारखं ताठ किंवा कापडासारखं सैल लागत असेल, तर या तारखांचीही वाट पाहायची नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मात्र जन्मतारखेवरून मोजू नये. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला दहा महिन्यांचं धरायचं. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत ठेवतात.

आणि जे येत होतं ते मूल विसरलं, बसणारं मूल लवंडायला लागलं, हसणं-बघणं कमी झालं, तर ते कोणत्याही वयात तातडीचं लक्षण आहे. आपल्याकडे याचं एक कारण सहज सुटण्याजोगं आहे. शुद्ध शाकाहारी आईमध्ये ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल आणि बाळ केवळ अंगावरच्या दुधावर असेल, तर बाळ सुस्त होतं, मागे पडतं, शिकलेलं हरवतं. रक्ताच्या तपासणीत हे कळतं आणि इंजेक्शनांनी बाळ सुधारायला लागतं. उशीर झाला तर मात्र नुकसान मागे राहू शकतं.

मूल मागे आहे की नाही, हे ठरवायला भारतीय बाळांवरूनच केलेलं मोजमाप उपलब्ध आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी त्याचा पाया घातला. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ पायऱ्या आहेत आणि आजही देशभरच्या बालविकास केंद्रांत ते वापरात आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि शंका आलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. तिथल्या तपासणीला पैसे पडत नाहीत.

सगळ्यात सोपी संधी मात्र घरातच पडलेली असते. माता व बाल संरक्षण कार्डावर लसींच्या तारखांबरोबर बाळाच्या वाढीचे टप्पेही चित्रांसकट छापलेले असतात. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते आणि दुसरी सोळाव्या महिन्यानंतर. एक बसण्याची मुदत संपताना, दुसरी चालण्याची मुदत संपत येताना. त्या दोन दिवशी सुई टोचण्याआधी, बाळ अजून हसतं आहे तोवर, त्याला दवाखान्याच्या फरशीवर ठेवावं आणि परिचारिकेला किंवा डॉक्टरांना एकदा बघायला सांगावं.